दगड हिरावलेला सिसिफस

माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग उत्तर देत नाही. आल्बेर काम्यूच्या मते असंगती, म्हणजेच ‘ॲब्सर्ड’, एकट्या माणसात नसते आणि एकट्या जगातही नसते. ती या दोघांच्या गाठभेटीत जन्माला येते. झाडाला किंवा मांजराला अर्थ लागत नाही, म्हणून त्यांना असंगती छळत नाही. माणसाला अर्थ हवा असतो आणि तो हवा असणे काही केल्या सुटत नाही. हा विचार काम्यूने १९४२ साली ‘द मिथ ऑफ सिसिफस’ या ग्रंथात मांडला. त्याच वर्षी त्याची ‘द आउटसायडर’ ही कादंबरीही प्रसिद्ध झाली. आयुष्य निरर्थक आहे एवढेच सांगून काम्यू थांबला, असा समज पुष्कळदा आढळतो. तो खरा नाही. त्याचा प्रश्न त्यापुढचा होता. अर्थ हाती लागत नाही हे पुरते कळल्यावर जगायचे कसे?

त्याला तीन वाटा दिसत होत्या. पहिली आत्महत्येची. ती त्याने नाकारली, कारण तिच्यात मागणी करणारा माणूसच संपतो. प्रश्न सुटत नाही, पुसला जातो. दुसरी श्रद्धेची: बुद्धी थांबते तिथून ईश्वराकडे घेतलेली झेप. डेन्मार्कच्या किर्केगार्डने ही झेप घेतली. काम्यूने तिला विचाराची आत्महत्या ठरवले. तिसरी वाट बंडाची: असंगती डोळ्यांआड न करता, ती मिटेल अशी आशाही न धरता, भरभरून जगत राहायचे. या बंडाचे प्रतीक म्हणून त्याने ग्रीक पुराणातला सिसिफस निवडला. देवांच्या शिक्षेनुसार सिसिफस दगड डोंगरावर चढवतो, दगड गडगडत खाली येतो आणि तो पुन्हा चढवायला लागतो. खाली उतरताना त्याला आपली स्थिती पूर्ण ठाऊक असते, आणि त्या जाणिवेमुळेच तो शिक्षेहून मोठा ठरतो, असे काम्यूचे म्हणणे.

त्याच प्रकरणात काम्यूने आधुनिक कामगाराची आठवण काढली आहे. कामगारही जन्मभर रोज तेच काम करतो आणि त्याचे नशीब सिसिफसपेक्षा कमी असंगत नाही, असे तो लिहितो. मुंबईच्या परळ-लालबाग या गिरणवस्तीतल्या मराठी साहित्यासमोर हा परिच्छेद ठेवला, की काम्यूने न विचारलेला एक प्रश्न पुढे येतो. सिसिफसचा दगडच कोणी काढून नेला तर?

हा प्रश्न कथा-कादंबरीनेच विचारावा, याला कारण आहे. तत्त्वज्ञान युक्तिवाद करते, आणि युक्तिवाद संपला की निष्कर्ष उरतो. असंगतीचा अनुभव मात्र निष्कर्षात मावत नाही. तो दिवसाच्या तासांत, भाड्याच्या खोलीत, कोणाच्या तरी मयतीला आलेल्या लोकांच्या बोलण्यात असतो. म्हणूनच दोस्तोयेव्हस्कीने निरपराध मुलांच्या यातनांचा प्रश्न इव्हान कारामाझोव्हच्या तोंडी घातला, काफ्काने न्यायाचा प्रश्न एका दरवाजाची गोष्ट करून मांडला, आणि ‘द आउटसायडर’मधला काम्यूचा मेर्सो आईच्या अंत्यसंस्काराला रडला नाही. वाचक मेर्सोशी वाद घालू शकत नाही. त्याला त्याच्याबरोबर त्या उन्हात चालावे लागते.

मराठीत ही जाणीव १९५०-६०च्या दशकांत, बऱ्याच अंशी मुंबईतल्या लघुअनियतकालिकांतून आली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, अशोक शहाणे हे त्या वर्तुळातले लेखक. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली आणि पांडुरंग सांगवीकर हा नायक एका पिढीच्या तोंडी झाला. हे सारे युरोपातून उसने आणलेले आहे, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. तो टिकत नाही. सांगवीकरला पोखरून काढते ते एखादे फ्रेंच पुस्तक नव्हे. त्याची धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते, हे त्याला पोखरते. त्या मरणाचा हिशेब तो कुठल्याही खात्यात मांडू शकत नाही. खानदेशातल्या घराघराने असे मूल गमावलेले असताना त्या दुःखासाठी पॅरिसचा दाखला मागणे अन्यायाचे आहे.

तरी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पुण्यात हरलेल्या सांगवीकरला परतायला गाव आहे. ते त्याला अर्थ देत नाही, पण अंगण आणि शेत देते. मध्य मुंबईतल्या पात्रांना तेवढेही मिळत नाही. त्यांचे गाव कोकणात किंवा घाटावर मागे राहिलेले असते आणि मनिऑर्डर त्यांनीच तिकडे पाठवायची असते.

हिंदमाता नाक्यावरून आंबेडकर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा ही गिरणगावाची एक बाजू लागते. इथे जवळपास शतकभर वेळ मोजला गेला तो गिरणीच्या भोंग्यावर. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. पगाराचा दिवस, बोनस, गणपतीला गावी जायची रजा. एकाच खोलीत पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारी माणसे होती, त्यांना खानावळीत जेवू घालणाऱ्या बाया होत्या, शनिवारी रात्री भजनाला बसणारी मंडळे होती. काम कष्टाचे होते, कापसाच्या धुळीने छाती भरायची, तरी माणूस कोण हे त्याच्या खात्यावरून कळायचे: साचेवाला, जॉबर, त्रासनवाला. असे जगणे अर्थपूर्ण होते की नाही याची चर्चा कोणी करत नव्हते, कारण भोंगा वाजला की उठायचे असते.

या रचनेत एक माणूस मात्र पहिल्यापासून अधांतरी होता. तो म्हणजे बदली कामगार. तो पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्याला आत घ्यायचे. नसेल तर घरी जाऊन उद्या पुन्हा यायचे. असे वर्षानुवर्षे चालायचे. काफ्काच्या ‘कायद्यापुढे’ या १९१५ च्या छोट्या कथेतला खेडूत एका उघड्या दरवाजापाशी आयुष्यभर थांबतो, रखवालदाराची मनधरणी करतो आणि शेवटी त्याला सांगण्यात येते, की हा दरवाजा केवळ त्याच्यासाठीच होता. काफ्काच्या दरवाजामागे काय आहे हे टीकाकार शंभर वर्षे शोधत आहेत. बदली कामगाराला मात्र गेटमागे काय आहे हे पक्के ठाऊक होते: मागात अडकलेला धागा आणि दिवसाचा पगार.

दगड काढून घेतला तर काय होते, याचे मराठीतले सर्वांत थेट उत्तर अण्णाभाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत आहे. अण्णाभाऊ (१९२०–१९६९) वाटेगावहून मुंबईत आले, गिरणीत काम केले, चळवळीत वाढले. अस्तित्ववादाच्या यादीत त्यांचे नाव सहसा घेतले जात नाही. ते घेतले जायला हवे. कथेचा नायक भीमा धिप्पाड, कष्टाळू माणूस आहे. वारणेकाठचे गाव सोडून तो मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर कामाला लागतो. दगड फोडणे त्याला आवडते, कारण त्याच्या अंगातल्या ताकदीला तिथे काम मिळते. एक दिवस खाण बंद पडते. कारण त्याला कोणी समजावून सांगत नाही आणि त्याला विचारायलाही जागा नसते. उपाशी बायको-मुलीकडे परतताना स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि तिथून त्याचा नवा धंदा सुरू होतो: मेलेल्यांच्या अंगावरचे सोने काढणे.

ही कथा चोरीची नाही, भुतांचीही नाही. भीमाची स्मशानातली मेहनत खाणीतल्या मेहनतीचीच उलटी प्रतिमा आहे. तेच बळ, तीच पहार, तोच घाम. फक्त आता जमिनीतून निघते ते प्रेत. कोल्ह्यांशी झुंजून एका प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. शेवटी दवाखान्यात ती काढून टाकावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. दगड परत आला, पण तो उचलणारा हात गेला. भीमा लहान मुलासारखा रडतो.

काम्यूचा सिसिफस उतारावर आनंदी असल्याची कल्पना करता येते, कारण त्याचा दगड त्याला सोडत नाही आणि त्याचे बाहू झिजत नाहीत. पुराणातल्या शिक्षेत ही एक विचित्र खात्री आहे. भीमाला ती नाही. त्याला बंड करायलाही समोर कोणी नाही. खाण बंद करणारा कथेत कुठे भेटत नाही. असंगतीचे हे रूप काम्यूच्या मांडणीपेक्षा कठोर आहे, आणि ते अण्णाभाऊंनी कोणताही सिद्धान्त न सांगता उभे केले आहे.

भाऊ पाध्ये (१९२६–१९९६) यांची वाट वेगळी. दादरमध्ये जन्मलेल्या, कामगार संघटनेत आणि पुढे पत्रकारितेत काम केलेल्या या लेखकाला मध्य मुंबईतली पोरे आतून माहीत होती. ‘वासूनाका’ (१९६५) मधला पोक्या आणि त्याचे दोस्त नाक्यावर उभे राहतात. त्यांचे उभे राहणे हेच त्यांचे काम. कोण आली, कोण गेली, कोणाचे कोणाशी जमले, हीच त्यांच्या वेळेची घडी. पुस्तकावर अश्लीलतेचा गदारोळ उठला. आचार्य अत्र्यांनी त्यावर जाहीर टीका केली. त्या गदारोळात पुस्तकाचा गाभा झाकला गेला. मेर्सोप्रमाणेच पोक्याही भावनेचा आव आणत नाही, पण मेर्सो एकटा आहे आणि पोक्या कधीच एकटा नसतो. त्याचे रिकामेपण टोळक्यात वाटलेले असते. चाळीत माणसाला एकटे राहून निरर्थकता अनुभवायची सोयच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात. म्हणून इथली असंगती बोलकी आहे, शिवराळ आहे. तिला फ्रेंच कादंबरीतले समुद्रकाठचे मौन परवडत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरला. काही कामावर परतले, अनेकांना परत घेतले गेले नाही, आणि पुढच्या दोन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. न संपलेला संप आणि नसलेली गिरणी, यांच्यामध्ये एक पिढी राहिली. म्हाडाने २०१२ पासून गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या, तेव्हा अर्जदार लाखांत होते आणि घरे हजारांत. बोर्हेसने १९४० च्या दशकात ‘बाबिलोनमधील सोडत’ ही कथा लिहिली. त्या नगरात माणसाचे पद, शिक्षा, मरण सारे सोडतीने ठरते. मराठी वाचकाला ती कल्पनारम्य वाटण्याचे दिवस म्हाडाच्या सोडतींबरोबरच सरले.

या काळाचा लेखक जयंत पवार (१९६०–२०२१). ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात त्यांनी संपानंतरचे एक गिरणी कामगाराचे घर दाखवले. एक मुलगा लिहू पाहतो, एक टोळीत ओढला जातो, आई सगळ्यांना धरून ठेवते. नाटक वास्तववादी आहे. पुढे कथा लिहिताना मात्र पवारांना वास्तववाद पुरला नाही. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कथांत स्वप्न, अफवा, दंतकथा आणि बातमी एकमेकींत मिसळतात. हे निव्वळ शैलीचे आकर्षण नव्हे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला आणि चिमणीखाली परफ्यूमची दुकाने आली, हे घडणे साध्या कार्यकारणाच्या भाषेत सांगितले की बातमी होते आणि वाचणारा पान उलटतो. ज्याचे आयुष्य त्या जागी गेले त्याच्या डोळ्यांना ते जसे दिसते तसे सांगायचे, तर भाषेला वास्तवाची चौकट मोडावीच लागते.

आता श्रद्धेचा प्रश्न. काम्यूच्या हिशेबात देव मानणे म्हणजे असंगतीतून पळ काढणे. गिरणगावात देव कधीच गेला नाही. भजनी मंडळे होती, पंढरीच्या वाऱ्या होत्या, लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ पासून आहे. म्हणजे इथल्या माणसाला असंगती कळलीच नव्हती, असे म्हणायचे का? वारकरी परंपरा याचे उत्तर वेगळे देते. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात, त्याच्या असण्याविषयीही शंका घेतात, आणि तरी त्याच्या दारातून उठत नाहीत. किर्केगार्डची झेप प्रश्न मागे टाकते. हे भांडण प्रश्नाला देवळात घेऊन जाते. काम्यूने बंड आणि भक्ती यांच्यात जी भिंत घातली ती मराठी अनुभवाला लागू पडत नाही, असे या परंपरेवरून म्हणावे लागते.

विलास सारंग (१९४२–२०१५) यांनी या देवदेवतांना असंगतीच्या कथेत आणले. ‘सोलेदाद’ आणि ‘एन्कीच्या राज्यात’ लिहिणारे सारंग काफ्काच्या सर्वांत जवळचे मराठी लेखक. त्यांच्या एका कथेत विसर्जनाला निघालेल्या गणपतीच्या मूर्ती सजीव होतात आणि पळ काढतात. भक्त प्रेमानेच त्यांना समुद्राकडे नेत असतात. पण बुडायचे आहे ते मूर्तीला. अर्थ देणाराच अर्थशून्य मरणाला भिऊन पळाला, तर मिरवणुकीने काय करायचे? सारंग उत्तर देत नाहीत. त्यांची कथा मनाला थंड वाटते, आणि मराठी वाचकाने त्यांना दूर ठेवले त्याचे कारणही बहुधा हेच. पण हा प्रश्न त्यांच्याइतक्या धीटपणे दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

असंगतवादावरचा सर्वांत मोठा आक्षेपही परळमधूनच येतो. मालकाने गिरणी बंद केली, सरकारने जमीन विकू दिली, त्याला विश्वाचे मौन म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला सोडून देणे नव्हे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न काम्यूचे नाव न घेता, थेट धर्माच्या मुळाशी जाऊन विचारला. ते बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १९२४ मध्ये स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. परंपरा सांगते, की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि त्या धक्क्याने घर सोडले. अर्थाच्या शोधाची ही जगातली सर्वांत प्रसिद्ध कथा. बाबासाहेबांनी ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे त्यांना पटेना. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आणि त्यापायी त्याला देश सोडावा लागतो. अर्थाचा शोध त्यांनी मरणाच्या भीतीपासून सोडवून माणसांच्या भांडणात आणून ठेवला.

ही फार मोठी उलथापालथ आहे. तिच्या उजेडात भीमाची खाण, बदलीचे गेट, न संपलेला संप यांतली असंगती माणसांनी केलेली दिसते, आणि जे माणसांनी केले ते माणसांना बदलता येते. हिंदमाता नाक्यावर दर पावसाळ्यात साचणारे पाणी कित्येक दशके नशिबासारखे सोसले गेले. खोलगट जमीन आणि भरती ही त्याची कारणे निसर्गाची, अपुरी गटारे माणसाची. महापालिकेने अलीकडे जवळच्या उद्यान-मैदानांखाली टाक्या बांधून ते पाणी वळवले, तेव्हा त्यातले नशीब किती आणि गटार किती हे कळू लागले.

रोगांबाबतही नशीब आणि माणसाची करणी यांच्यातली ही रेघ सरकत आली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा अनेकांनी त्याला देवाचा कोप मानले. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. काम्यूच्या ‘द प्लेग’ (१९४७) या कादंबरीतला डॉक्टर रिऊ नेमका याच रेघेवर उभा आहे. साथ का आली हे त्याला ठाऊक नाही, ती देवाने धाडली असे सांगणारे प्रवचन त्याला पटत नाही. तो रोज रोग्यांच्या घरी जातो. आणि सांगवीकरच्या मनीला नेणारी देवी तर १९७७ मध्ये भारतातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. ‘कोसला’तले ते मरण आज कोणाला येणार नाही.

म्हणून कादंबरी खोटी ठरत नाही. बाबासाहेबांची मांडणी आणि काम्यूची मांडणी यांचा खरा सांधा इथे आहे. कोणते दुःख माणसाने केलेले आणि कोणते कोणाच्याच हातात नसलेले, हे पुढच्या पिढ्यांना कळते. सोसणाऱ्याला ते आपल्या हयातीत बहुधा कळत नाही. हिंदमात्यापासून थोड्याच अंतरावर टाटा रुग्णालयाबाहेर, पदपथावर बिहार-बंगालपासून मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे फायली घेऊन पुढच्या तारखेची वाट पाहत असतात. त्यांच्या दुःखात आजार किती, दारिद्र्य किती, आणि शंभर वर्षांनी ज्यावर औषध निघेल ते किती, हे वेगळे काढता येत नाही. तत्त्वज्ञानाला हे भाग वेगळे करावे लागतात. अण्णाभाऊंनी, पाध्यांनी, पवारांनी ते एकत्रच ठेवले, कारण भीमाच्या दिवसात ते एकत्रच होते.